शीर्षकाला कुंचला, मजकुराला खिळा

१९५० किंवा १९६० च्या दशकात मुंबईत निघालेला एखादा मराठी दिवाळी अंक उघडावा. कथेच्या पहिल्या पानावर वरती शीर्षक असते. ते कुणीतरी हाताने रेखलेले असते. ऐतिहासिक कथा असेल तर बोरूच्या तिरक्या कापाची आठवण देणारे, गूढकथा असेल तर थरथरते, विनोदी असेल तर शिरोरेषेवरून घरंगळणारे. त्याखाली मजकूर सुरू होतो. तो शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेला असतो, आणि त्या खिळ्यांचे वळण शीर्षक रेखणाऱ्या चित्रकाराच्या जन्माआधीच ठरून गेलेले असते. पानाच्या वरच्या पाव भागात विसावे शतक नांदते आणि खालच्या पाऊण भागात एकोणिसावे. हे इतके सवयीचे झाले होते की त्यात कुणाला विसंगती वाटत नसे. मला ती वाटते, आणि तिचे कारण शोधल्याशिवाय त्या काळातल्या मुंबईच्या अक्षरकलेचा हिशेब पुरा होणार नाही असेही वाटते.

त्या मुंबईत अक्षरांवर पोट असलेल्या माणसांची वस्ती दाट होती. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा वर्ग सुरू झाला आणि चित्रकलेच्या शिक्षणाला पगारी नोकरीची वाट फुटली. जे. वॉल्टर थॉम्प्सनसारख्या परदेशी जाहिरातसंस्था त्याआधीच शहरात आल्या होत्या. १९४६ साली एअर इंडियाचा महाराजा जन्मला तो याच जगात, बॉबी कूका आणि उमेश राव यांच्या जोडीतून. १९४८ साली कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड स्थापन झाले, म्हणजे या मंडळींना आपण एक व्यवसाय आहोत याची जाणीव झाली. दुसरीकडे गिरगाव आणि आसपासच्या भागात छापखाने, ब्लॉक बनवणारे, बांधणीवाले आणि खिळे ओतणाऱ्या फाउंड्र्या होत्या. निर्णयसागर आणि गुजराती टाइप फाउंड्री ही त्यांतली ठळक नावे. एकाच शहरात, एकाच कागदावर उमटणाऱ्या अक्षरांसाठी राबणारे हे दोन वर्ग होते. तरी त्यांच्यात नवे मराठी मजकूर-अक्षर घडवण्याचा व्यवहार जवळजवळ झाला नाही. का झाला नाही, यावर दोन मते ऐकू येतात. त्यांना मी दोन कल्पित माणसांचा आवाज देतो: मुद्रणशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, आणि त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, आता उपयोजित कलेच्या इतिहासाची अभ्यासक.

सर: तुम्ही लोक त्या काळाला अक्षररेखनाचे सुवर्णयुग म्हणता. मला ते कुबडीचे कौतुक वाटते. चालता येत नव्हते म्हणून कुबडी घेतली, आणि पुढे तिच्यावरचे नक्षीकाम पाहून सगळे हरखून गेले. मुळात स्थिती काय होती ते बघ. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी १८६० च्या दशकात मुंबईत खिळे ओतायला सुरुवात केली. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने पोलादी ठसे कापले. त्या खिळ्यांचे वळण इतके सुडौल होते की देशभरचे संस्कृत ग्रंथ त्यात छापले गेले. पुढे मानक हिंदीसाठी अ, झ, ण ही अक्षरे ठरवताना मुंबई वळणाचीच रूपे स्वीकारली गेली. एवढी पुण्याई पाठीशी असलेल्या शहराने विसाव्या शतकाच्या मध्याला काय केले? जुनाच ठसा पुन्हा पुन्हा ओतला. रोमन लिपीत काम करणाऱ्याला हलके, जाड, तिरके, अरुंद असे एकाच कुळातले टाइप हाताशी मिळत. मराठी जुळाऱ्याला मिळे साधा ‘पांढरा’ आणि जाड ‘काळा’, तोही मोजक्या आकारांत. म्हणून शीर्षके रंगवावी लागली. तो नाइलाज होता.

अभ्यासक: नाइलाज होता हे मान्य आहे, सर. पण नाइलाजातून काय निपजले तेही मोजायला हवे. हाताने रेखलेले शीर्षक स्वस्त का पडे, हे तुम्हीच शिकवलेत. चित्रकार पांढऱ्या बोर्डावर काळ्या शाईने अक्षरे मोठी काढी, त्याचा फोटो घेऊन जस्ताचा लाइन ब्लॉक बने, तो लाकडावर ठोकून खिळ्यांच्या शेजारी चौकटीत आवळला की काम झाले. एका शीर्षकाला एक ब्लॉक. याउलट देवनागरीचा नवा टाइप काढायचा म्हणजे मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार असे शेकडो ठसे, आणि तेही प्रत्येक आकारासाठी वेगळे. कोणता फाउंड्रीवाला एवढे भांडवल घालणार? चित्रकाराच्या टेबलावर मात्र रोज नवे वळण जन्माला येत होते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, मुंबईत येऊन मराठी मुखपृष्ठाचा चेहरा बदलून गेले. दलालांचा ‘दीपावली’ १९४५ पासून घराघरांत गेला. कमल शेडगे टाइम्सच्या कलाविभागात बसून नियतकालिकांची शीर्षके रेखत होते आणि पुढे नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी नाटकाच्या नावालाच नट केले. शिरोरेषा तोडावी का, दांडा किती जाड ठेवावा, मात्रा कुठपर्यंत फेकावी, वेलांटीच्या पोकळीत शेजारचे अक्षर कसे बसवावे, हे सगळे प्रश्न त्यांनी सोडवले. फाउंड्रीने जे संशोधन करायला हवे होते ते या लोकांनी केले. या शहराची खरी ओतशाळा कुंचला होती.

सर: वाक्य सुंदर आहे, पण ओतशाळेतून बाहेर काय पडते? असा माल, जो दुसरा माणूस वापरू शकतो. शेडग्यांनी एका नाटकाचे नाव रेखले तर त्यात सहा-सात अक्षरे आली. उरलेली वर्णमाला जन्मलीच नाही. त्याच वळणात ‘ळ’ कसा दिसला असता, ‘क्ष’ कसा वळला असता, ‘ट्ट’ खाली-वर जुळला असता की शेजारी, याचे उत्तर त्या शीर्षकात नाही. उद्या दुसरे नाटक आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टाइप म्हणजे अक्षरांमधला करार असतो. कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी बसले तरी ओळ एकसारखी दिसली पाहिजे. शीर्षकाच्या कलावंताला हा करार पाळावा लागत नाही, कारण त्याला शेजारी कोण येणार ते आधीच ठाऊक असते. म्हणून त्याचे कसब कितीही मोठे असले तरी ते मजकुराच्या कामाला येत नाही. तुझ्या कुंचल्याने शहराला शेकडो शीर्षके दिली, एक परिच्छेद दिला नाही.

सरांच्या या युक्तिवादात एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो, आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. शीर्षक बघितले जाते, मजकूर वाचला जातो. शीर्षकाच्या अक्षराने स्वतःकडे लक्ष ओढायचे असते. मजकुराच्या अक्षराने लक्ष अर्थाकडे सोडायचे असते आणि ते तासन्‌तास, डोळे न शिणवता सोडायचे असते. ही दुसरी कला अधिक अवघड आहे आणि तिला टाळ्या मिळत नाहीत. देवनागरीत ती आणखी अवघड होते. मात्रा आणि रफार वर, उकार आणि ऋकार खाली, त्यामुळे बारा पॉइंटच्या खिळ्यावर प्रत्यक्ष अक्षराच्या वाट्याला जेमतेम मधला भाग येतो आणि ते रोमनच्या शेजारी लहान दिसते. खिळ्यांच्या जुळणीत मात्रेचा भाग कधी खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबता असे. दाबाखाली तो तुटे, आणि वाचकाला ‘मेळा’चा ‘मळा’ वाचावा लागे. झिजलेल्या खिळ्यांमुळे शिरोरेषेत खिंडारे पडत. हे दोष चित्रकाराच्या बोर्डावर उद्‌भवतच नव्हते. म्हणून ते त्याचे प्रश्नही झाले नाहीत.

अभ्यासक: पण सर, लिपीचा गुंता हाच खरा अडसर नव्हता का? लायनोटाइप या जुळणीयंत्राच्या कळफलकावर ९० कळा. न्यूयॉर्कमध्ये हरि गोविंद गोविलांनी १९३० च्या दशकात देवनागरी लायनोटाइप उभा केला तो याच ९० कळांच्या पिंजऱ्यात. टाइपरायटरवर तर त्याच्या निम्म्याच कळा. यंत्रात लिपी मावत नाही म्हटल्यावर लिपीच कापायला लोक पुढे आले. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, ‘किर्लोस्कर’ने ती छापूनही दाखवली. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे न्यायचे ठरले आणि लोकांनी ते स्वीकारले नाही म्हणून मागे घ्यावे लागले. सगळी बुद्धी यंत्राशी तडजोड करण्यात खर्ची पडत होती. अशा काळात मुंबईच्या चित्रकारांनी यंत्राला बाजूला ठेवून लिपीचे मूळ सौंदर्य हातात जिवंत ठेवले. सुधारक लिपी छाटत होते, हे तिला फुलवत होते. मला यात पळवाट दिसत नाही, राखण दिसते.

सर: राखण म्हणतेस ते मी अर्धे मान्य करतो. जोडाक्षरे उभी जुळवायची सवय शीर्षकांनी टिकवली हे खरे. पण लिपी अवघड म्हणून टाइप झाला नाही, हे मला पटत नाही.

मलाही ते पटत नाही, आणि इथे पुरावा कोलकात्याचा आहे. बंगाली लिपीही मात्रा-उकारांची आणि जोडाक्षरांची. देवनागरीहून सोपी म्हणावी अशी नाही. तरी आनंदबाजार पत्रिकेच्या सुरेशचंद्र मजुमदारांनी खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल याचा ध्यास घेतला, लायनोटाइप कंपनीबरोबर काम केले आणि १९३५ साली बंगाली लायनोटाइप प्रत्यक्ष वापरात आणला. त्यातही तडजोडी होत्या, जोडाक्षरांना कात्री लागली होती. माझा मुद्दा त्याच्या सौंदर्याचा नाही, पुढाकाराचा आहे. तिथे मजकुराचा मालक, म्हणजे रोज हजारो ओळी छापणारे वर्तमानपत्र, स्वतः अक्षराचा यजमान झाले. काही वर्षांनी त्याच शहरात सिग्नेट प्रेसने सत्यजित राय यांच्यासारखा जाहिरातसंस्थेतला कलावंत पुस्तकांच्या कामाला लावला आणि बंगाली पुस्तकाच्या देखणेपणाचे माप बदलले. लिपीचा गुंता दोन्ही शहरांत सारखा होता. फरक पडला तो अक्षरासाठी पैसा आणि हट्ट कोणी लावला यात. आणि दूर जायचे कशाला? मुंबईच्या निर्णयसागरानेही हेच सिद्ध केले होते. जावजींना ग्रंथ छापायचे होते, म्हणजे मजकूर हाच त्यांचा माल होता. म्हणून त्यांनी आरूंना मजकुराचे ठसे कापायला लावले. एकोणिसाव्या शतकात या शहरात ओतणारा आणि छापणारा एका छपराखाली होता. विसाव्या शतकात ते छप्पर दुभंगले.

अभ्यासक: तुमच्या या मांडणीत मौज बसत नाही. खटाववाडीतल्या मौज प्रिंटिंग ब्युरोत ओतलेला नवा टाइप नव्हता, तरी ‘सत्यकथा’चे आणि मौजेच्या पुस्तकांचे पान बघा. समास, ओळींमधली जागा, परिच्छेदाची सुरुवात, मुद्रितशोधनाची काटेकोर शिस्त. श्री. पु. भागवत आणि वि. पु. भागवत यांनी मजकुराला जेवढा मान दिला तेवढा कुठल्या कलादिग्दर्शकाने दिला असेल? मग मजकुराला कलावंत मिळाला नाही असे कसे म्हणता येईल?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. मौजेने दाखवून दिले की मिळेल त्या खिळ्यांतूनही सुंदर पान उभे राहते. जुळाऱ्याच्या बोटांत, मुद्रितशोधकाच्या डोळ्यांत आणि संपादकाच्या आग्रहात ती कला होती. त्या जुळाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत, पण मराठी कवितेच्या ओळीला तिची मोकळी जागा मिळाली ती त्यांच्या हातून. पण याच उदाहरणातून माझे म्हणणे अधिक घट्ट होते. मौजेकडे मान देण्याची वृत्ती होती, नवे अक्षर घडवून घेण्याची ऐपत नव्हती. साहित्यिक प्रकाशकाची आवृत्ती निघते हजार-दोन हजार प्रतींची. त्यातून शेकडो ठशांचा खर्च निघत नाही. ज्यांच्याकडे ऐपत होती त्या जाहिरातसंस्था आणि त्यांचे गिऱ्हाईक, त्यांना मराठी मजकुराच्या अक्षराची गरजच फारशी वाटत नव्हती. जाहिरात आधी इंग्रजीत रचली जाई. मांडणी रोमन अक्षरांच्या मापाने ठरे. मग मराठी, गुजराती, हिंदी भाषांतर त्या चौकटीत कोंबले जाई. मराठी शीर्षक रेखायला कलावंताला पैसे मिळत, कारण शीर्षकाने माल खपतो. खालच्या चार ओळी छापखान्यात जे असेल त्यात जुळत. व्यवसायाची गुणवत्ता गिल्डच्या प्रदर्शनात जोखली जाई, आणि प्रदर्शनात लोक बघतात, वाचत नाहीत. ज्याला बक्षीस नाही, बिल नाही आणि नाव नाही, त्या कामाकडे हुशार तरुण का वळेल? उरली वर्तमानपत्रे. त्यांच्याकडे मजकूरही होता आणि खपही. ‘लोकसत्ता’ १९४८ साली सुरू झाला, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ साली, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ साली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी मथळ्याने रस्ते पेटवले, तो मथळा अधिकाधिक जाड आणि मोठा झाला. त्याखालची बातमी मात्र हाती आलेल्या यंत्राने दिलेल्या अक्षरांतच राहिली. १९६० साली राज्य मिळाले, १९६४ साली मराठी राजभाषा झाली, तरी त्या भाषेत सरकारचा कागद कोणत्या अक्षरात वाचला जाईल हा प्रश्न मुख्यतः टाइपरायटरच्या कळा कुठे बसवायच्या एवढ्यावर थांबला.

सर: म्हणजे तू आणि मी दोघेही चुकलो म्हणायचे. मी यंत्राला दोष दिला नाही, पण कुंचल्याला दिला.

अभ्यासक: आणि मी कुंचल्याचे कौतुक करताना पानाचा खालचा भाग झाकून ठेवला. तरी एक शंका उरते, सर. मजकुराचा नवा टाइप हवाच, हा आग्रह मुळात बाहेरून आलेला नाही ना? युरोपात दर पिढीने नवे टाइप काढले म्हणून आपणही काढायला हवे होते असे कुठे आहे? लोकांनी जुन्याच अक्षरांत वाचले, आणि भरपूर वाचले. मराठी वाचक काही आंधळा झाला नाही.

या शंकेत दोन प्रश्न मिसळले आहेत. पहिला मोजमापाचा. मजकूर-अक्षराची चाड परकी नाही, ती आपल्या पोथीत आहे. पोथी लिहिणारा लेखक बोरूचा काप एका कोनात धरून शेकडो पाने एका ओघात लिही. त्या अक्षरांना शीर्षकच नसे, सारे कौशल्य ओळीत असे. मधल्या ओळींची लय, ठळक-बारीकचा मेळ, दंडांच्या मधली पोकळी, हा वारसा देवनागरीचा स्वतःचा आहे. निर्णयसागराचे वळण त्याच वारशातून आले म्हणून ते टिकले. तेव्हा मी मुंबईला लंडनच्या फुटपट्टीने मोजत नाही, तिच्याच आजोळच्या पोथीने मोजतो. दुसरा प्रश्न वाचकाचा. वाचले हे खरे, पण काय वाचले आणि काय वाचायचे राहिले हे बघावे लागते. एकाच वळणाच्या, दोनच जाडींच्या खिळ्यांत कोश छापायचा, शब्दार्थ आणि व्युत्पत्ती वेगळ्या दाखवायच्या, नाटकात पात्र आणि संवाद वेगळे करायचे, पाठ्यपुस्तकात उदाहरण आणि नियम वेगळे मांडायचे, म्हणजे कंसांचा आणि अवतरणचिन्हांचा बाजार भरतो. अक्षरांची विविधता हा शृंगार नव्हे. विचाराचे थर डोळ्यांना दाखवण्याचे ते साधन आहे. ज्या भाषेला ते साधन तोकडे मिळते, तिच्यात शास्त्रीय आणि संदर्भाचे लेखन छापणे जड जाते. मराठीत ज्ञान आणायचे तर परिभाषा हवी हे सर्वांना पटले होते. त्या ज्ञानाला पानावर उभे राहायला अक्षरही लागते, हे फार थोड्यांना दिसले.

ज्यांना दिसले त्यांच्याकडे पाहिले की वाटते, हे अशक्य नव्हते. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली मुंबईच्या मराठी संशोधन मंडळातून भारतातल्या मुद्रणाचा इतिहास प्रसिद्ध केला. १५५६ साली गोव्यात आलेल्या पहिल्या छापखान्यापासून ती कथा सुरू होते. शासकीय मुद्रणखात्यात काम केलेल्या बापूराव नाइकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांचा अभ्यास तीन खंडांत मांडला. १९७१ साली भाषा संचालनालयाने ते खंड काढले. म्हणजे मजकुराचा विचार झाला, पण तो संशोधकाच्या आणि सरकारी मुद्रकाच्या टेबलावर झाला. कलादिग्दर्शकाच्या टेबलापर्यंत त्याचा जिना बांधला गेला नाही. त्यातूनही काहींनी उडी मारून दोन्ही मजले गाठले. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले गाजलेले कलादिग्दर्शक. गिल्डची बक्षिसे त्यांनी वारंवार मिळवली. पण कवी म्हणून त्यांचे जग लघुनियतकालिकांचे होते. १९५४ साली दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर काढलेला ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघाला, आणि पुढे प्रास प्रकाशनाच्या अशोक शहाण्यांसारखा मुद्रणाची नस ओळखणारा प्रकाशक त्यांना भेटला. ज्याला मजकूर स्वतःचा वाटतो तो पानाची काळजी घेतो, हे या मंडळींनी तुटपुंज्या पैशात दाखवले. र. कृ. जोशी त्याहून पुढे गेले. जे. जे.त शिकलेले, उल्का जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक असलेले आणि कवी असलेले जोशी शीर्षकाच्या कलेत निष्णात होते. तरी त्यांनी कुंचल्याचे ज्ञान पूर्ण वर्णमालेत उतरवण्याचा ध्यास घेतला, पवईच्या औद्योगिक रचना केंद्रात विद्यार्थ्यांना तो दिला आणि संगणकाच्या काळात भारतीय लिप्यांसाठी टाइप घडवले. सर म्हणतात त्या अक्षरांमधल्या कराराला हाताचा ओघ शिकवता येतो, हे जोशींनी सिद्ध केले.

सर: मग कुबडी म्हणालो ते मागे घेतो. पाय होते. चालायला रस्ता कुणी बांधला नाही.

अभ्यासक: आणि मी ओतशाळा म्हणाले तेही अपुरेच होते. ठसे कापले गेले, पण ते ओतून घ्यायला कुणी आले नाही.

इथे दोघांचे एकमत होते, पण माझे म्हणणे एवढ्यावर संपत नाही, कारण ‘कुणी आले नाही’ हा शेवट खरा नाही. कुणीतरी आले, फक्त उशिरा आणि दुरून आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मराठी माणसाने संगणकावर जे अक्षर वारंवार पाहिले ते ‘मंगल’. ते जोशींनी घडवले आणि ते मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधून घरोघर पोचले. कलावंत मुंबईचा, लिपी आपली, शिक्षण जे. जे.चे, आणि यजमान अमेरिकेतला. अलीकडे मुंबईच्याच ‘एक टाइप’सारख्या तरुण गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ ही देवनागरी अक्षरकुळे सर्वांना फुकट वापरता येतील अशी खुली केली. ती आज असंख्य मराठी पडद्यांवर दिसतात. ज्या विविधतेसाठी १९५० चा जुळारी तळमळला असता ती आता एका क्लिकवर आहे. शेकडो पोलादी ठशांचा खर्च उरलेला नाही. म्हणजे लिपी अवघड, यंत्र तोकडे, भांडवल फार, ही तिन्ही कारणे संपली.

म्हणून त्या काळाकडे आज पुन्हा पाहायला हवे. तिन्ही कारणे संपल्यावरही मराठी पुस्तकाचा मजकूर अनेकदा जो फॉन्ट संगणकात आधीच असेल त्यात लागतो, मुखपृष्ठावर मात्र सुलेखनकाराचे नाव आणि मानधन असते. यंत्र बदलले, सवय जुनीच राहिली. शीर्षकासाठी कलावंत बोलवायचा आणि मजकूर नशिबावर सोडायचा, ही वाटणी दलाल-शेडग्यांच्या काळात परिस्थितीने लादली होती. आज ती आपण निवडतो आहोत. दलाल, मुळगावकर, शेडगे यांना कमी लेखून हे सुधारणार नाही. त्यांच्या रेषेत जे सापडले ते मजकुरापर्यंत नेऊनच त्यांचे ऋण फिटेल. त्यासाठी जावजी दादाजींनी केले ते पुन्हा करावे लागेल: ज्याच्या घरचा मजकूर आहे, त्यानेच ठसे कापणाऱ्याला घरात बोलवायचे. मराठी वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक मंडळ, विश्वकोश, राजभाषेचा कारभार चालवणारे शासन, हे सगळे मजकुराचे मोठे मालक आहेत. आपल्या वाचकासाठी, आपल्या गरजेचे, आपल्या मोबदल्याने अक्षर घडवून घेणे त्यांना आज सहज परवडते. एका कथेचे शीर्षक आपण पाच सेकंद बघतो आणि तिच्या ओळींबरोबर तासभर राहतो. ज्याच्याबरोबर तासभर राहायचे, त्याचा चेहरा कोणी आणि किती मनापासून घडवला, हे विचारणे वाचकाचा हक्क आहे.